न्यायवैद्यक कोणी शिकावे?

न्यायवैद्यक हा शब्द कानी पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शवागाराची बंद खोली उभी राहते. आत डॉक्टर शवविच्छेदन करीत आहेत, बाहेर व्हरांड्यात नातेवाईक ताटकळत उभे आहेत आणि पोलिसांचा हवालदार कागद पुरे करून घेत आहे, असे ते चित्र असते. चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. गेल्या पन्नास वर्षांत या शास्त्राची दृष्टी मृताकडून जिवंताकडे, म्हणजे मार खाल्लेल्या, भाजलेल्या, विषप्रयोग झालेल्या, अत्याचार सोसलेल्या माणसाकडे वळली आहे. अमेरिकेतील काही महाविद्यालयांत तर हा विषय पदवीच्या वर्गातील सर्वसाधारण विद्यार्थ्यांस मुख्य विषयाच्या जोडीचा उपविषय म्हणून घेता येतो. पुढे परिचारिका, समाजसेवक, वकील किंवा शिक्षक होऊ पाहणारी मुले दुखापत आणि न्याय यांचा संबंध तेथे शिकतात.

आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयासोबत गौण विषय निवडण्याची पद्धत आली आहे. म्हणून हा विचार आपणांस परका राहिलेला नाही. जो डॉक्टर होणार नाही त्याने न्यायवैद्यक शिकावे काय, आणि शिकावयाचे तर त्यातले काय, हा प्रश्न आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. त्याचे उत्तर इतिहासातून शोधणे बरे. कारण हे शास्त्र कोणाला शिकवले गेले आणि कोणाला शिकवले गेले नाही, यावर आजवर अनेकांचा न्याय अवलंबून राहिलेला आहे.

आरंभ मृतापासूनच करावा लागतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आशुमृतकपरीक्षा म्हणजे अकस्मात मेलेल्याची तपासणी यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रेताला तेल लावून त्याची पाहणी करावी, गळफासाने, बुडून, विषाने किंवा माराने आलेल्या मृत्यूच्या खुणा कशा ओळखाव्यात, हे त्यात सांगितले आहे. चीनमध्ये १२४७ साली सोंग त्झू नावाच्या न्यायाधिकाऱ्याने याच विषयावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. या दोन्ही ग्रंथांतली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांचा वाचक वैद्य नव्हता, राज्याचा अधिकारी होता. देहाची परीक्षा हे राज्याचे काम होते, आणि ते करणाऱ्याला थोडे वैद्यक ठाऊक असावे एवढीच अपेक्षा होती.

इंग्लंडात ११९४ साली कॉरोनर हा अधिकारी नेमला जाऊ लागला. संशयास्पद मृत्यूची चौकशी त्याच्याकडे असे. परंतु त्याचबरोबर राजाच्या तिजोरीचे हितही त्याला पाहावे लागे. हीच पद्धत इंग्रजांबरोबर अमेरिकेत गेली. तेथे कॉरोनरची जागा राजकीय वशिल्याने भरली जाऊ लागली आणि ज्याला नाडी पाहता येत नाही अशा माणसाने मृत्यूचे कारण ठरवावे असा प्रकार होऊ लागला. १८७७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कॉरोनरचे पद रद्द करून त्याच्या जागी वैद्यकीय परीक्षक नेमले. या क्षणी न्यायवैद्यक हे तज्ज्ञाचे शास्त्र झाले. लाभ उघड होता, परंतु त्याबरोबर एक दरीही पडली. तज्ज्ञ येण्यापूर्वी जागेवर जे हजर असतात, त्यांना या शास्त्राचा गंधही नसे. ते रक्ताचा डाग पुसून काढीत, हत्यार हाताळीत, प्रेत हलवीत. मग तज्ज्ञ कितीही विद्वान असला तरी त्याच्या हाती काय उरणार?

ही दरी ज्या व्यक्तीने प्रथम ओळखली ती डॉक्टरही नव्हती आणि पोलीसही नव्हती. फ्रान्सिस ग्लेसनर ली ही शिकागोच्या एका धनाढ्य घराण्यातील बाई. तिचा जन्म १८७८ चा. भाऊ हार्वर्डला गेला. हिला मात्र महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडता आला नाही. बॉस्टनचे वैद्यकीय परीक्षक जॉर्ज मॅग्राथ हे भावाचे मित्र. त्यांच्याकडून ऐकून ऐकून बाईंना या शास्त्राची गोडी लागली आणि १९३१ साली त्यांनी हार्वर्डला न्यायवैद्यकाचा विभाग उभारण्यासाठी देणगी दिली. ज्या विद्यापीठात शिकण्याचे दार आपल्याला बंद होते, तेथे त्यांनी इतरांसाठी शिक्षणाची सोय केली.

पुढे १९४५ पासून त्यांनी पोलिसांसाठी वर्ग भरवले. या वर्गांसाठी त्यांनी घरांच्या लहान प्रतिकृती बनवल्या. एका फुटाला एक इंच असे प्रमाण ठेवून खोली, पलंग, स्वयंपाकघर, भिंतीवरचे कॅलेंडर आणि त्यात पडलेला बाहुलीचा देह, असे हुबेहूब देखावे त्यांनी घडवले. विद्यार्थ्याने देखावा निरखावा आणि काय दिसते ते सांगावे, अशी शिकवण्याची रीत होती. प्रतिकृतींपैकी अठरा बाल्टिमोरच्या वैद्यकीय परीक्षकांच्या कचेरीत जतन झाल्या. हार्वर्डचा तो विभाग १९६७ साली बंद पडला, परंतु एक धडा मागे उरला. जागेवर पहिल्याने पोचणाऱ्याला शिकवले पाहिजे, हाच तो धडा. मात्र लीबाईंच्या बाहुल्या सगळ्या मेलेल्या होत्या. जिवंत जखमी माणसाजवळ पहिल्याने कोण पोचते, हा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १८५६ साली कलकत्त्यास नॉर्मन चेव्हर्स या इंग्रज डॉक्टरचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील गुन्हे, विषे आणि जखमा यांची त्यात विपुल माहिती आहे. परंतु एतद्देशीय लोकांच्या साक्षीवर भरवसा ठेवता येत नाही, हा तत्कालीन राज्यकर्त्यांचा ग्रहही त्यात जागोजागी दिसतो. माणूस खोटे बोलेल, देह बोलणार नाही, तेव्हा माणसाला बाजूस सारून देहालाच विचारावे, अशी ती विचारसरणी होती. १८७२ च्या पुरावा कायद्याने तज्ज्ञाच्या मताला न्यायालयात स्थान दिले. १९२० साली जे. पी. मोदी यांचे पाठ्यपुस्तक निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या आपले डॉक्टर व वकील त्यावर वाढले.

या परंपरेचे ऋण मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात एक विषारी मुळी शिरली होती. सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी असे लिहून ठेवले होते की, बलात्काराचा आरोप करणे सोपे आणि तो खोडून काढणे अवघड असते. त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ साली छापलेले हे मत इंग्रजी कायद्याबरोबर जगभर पसरले. पाठ्यपुस्तकांतून त्याला शास्त्राचे रूप आले. धडधाकट स्त्रीवर एकटा पुरुष तिच्या मनाविरुद्ध अत्याचार करू शकत नाही, अंगावर जखमा नसतील तर प्रतिकार झाला नाही, प्रतिकार नाही म्हणजे संमती होती, अशी साखळी विद्यार्थी घोकत गेले. याच साखळीतून 'दोन बोटांची चाचणी' आली. स्त्रीला पूर्वी शरीरसंबंधाची सवय होती की काय हे डॉक्टरने बोटांनी ठरवावयाचे आणि न्यायालयाने त्यावरून तिची विश्वासार्हता जोखावयाची. शरीरशास्त्राला यातले काहीही मान्य नाही. पण पुस्तकात छापलेले, परीक्षेत विचारलेले आणि प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात एक रकाना मिळालेले मत हे मत आहे असे कोणाला वाटतच नाही. ते शास्त्र होऊन बसते.

१९७२ हे वर्ष आम्ही मुद्दाम निवडले आहे. त्या वर्षाच्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी ठाण्यातलेच दोन शिपाई. मुलगी अनाथ, भावाबरोबर मजुरी करून पोट भरणारी. तिची वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास झाली. अंगावर जखम नाही, वय चौदा ते सोळा, आणि पूर्वी शरीरसंबंध झाल्याच्या खुणा, असा डॉक्टरांचा अहवाल झाला. १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नव्हत्या, ओरडण्याचा पुरावा नव्हता, यावरून प्रतिकार झाला नाही असे अनुमान काढले गेले. पाठ्यपुस्तकातली साखळी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत अशी पोचली.

उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत अंतर आहे, हा त्या पत्राचा गाभा. गावोगाव स्त्रियांनी मोर्चे काढले. अखेर १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा अन्य अधिकाऱ्याच्या ताब्यात असताना अत्याचार झाला आणि शरीरसंबंध सिद्ध झाला, तर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यावर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, हे तत्त्व आले. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हाही त्याच दुरुस्तीने गुन्हा ठरला. त्या मुलीचे नाव पुढे खटल्यालाच चिकटले आणि पुस्तकांतून सर्रास छापले गेले. आम्ही ते येथे घेत नाही.

त्याच १९७२ च्या जुलैपासून बॉस्टन सिटी हॉस्पिटलात एक निराळेच काम सुरू झाले. ॲन बर्जेस ही मानसपरिचर्येची अध्यापिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्राची अध्यापिका. बलात्काराची तक्रार घेऊन कोणी रुग्ण आपत्कालीन कक्षात आली की हॉस्पिटलने दूरध्वनी करावा आणि या दोघींनी रात्री-अपरात्री तेथे जाऊन तिच्याशी बोलावे, असा त्यांचा क्रम होता. वर्षभरात १४६ रुग्णांना त्या भेटल्या आणि नंतरही त्यांची विचारपूस करीत राहिल्या. त्यांतील ९२ प्रौढ स्त्रियांच्या अनुभवांवरून त्यांनी १९७४ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला.

त्यातला एक निष्कर्ष असा की, प्रसंगानंतरच्या पहिल्या तासांत काही स्त्रिया रडतात, थरथरतात, संतापतात. परंतु जवळजवळ तितक्याच स्त्रिया शांत, स्थिर, वरवर पाहता काहीच झाले नाही अशा बसून राहतात. दोन्ही आघाताचीच रूपे आहेत. "ती तर रडलीसुद्धा नाही" हे वाक्य आपण आपल्या चावडीवरच नव्हे, कोर्टाच्या व्हरांड्यातही ऐकतो. त्या वाक्याला शास्त्राचे उत्तर मिळाले ते १९७४ साली, आणि ते शवविच्छेदनाच्या टेबलावरून मिळाले नाही. खाटेशेजारी बसून ऐकण्यातून मिळाले. जिवंत जखमी माणसाजवळ पहिल्याने कोण पोचते, याचेही उत्तर त्यात होते. पहिल्याने पोचते ती परिचारिका.

यानंतर अमेरिकेत १९७६ साली मेम्फिस येथे आणि पुढल्याच वर्षी मिनियापोलिस येथे परिचारिकांना अशा तपासणीचे खास शिक्षण देण्यास आरंभ झाला. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे टिपून घेणे, जखमेचा आकार व जागा नोंदणे, कपडे झटकू न देणे, ओला कपडा सावलीत वाळवून प्लास्टिकऐवजी कागदाच्या पाकिटात बंद करणे, आणि ते पाकीट कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याची अखंड नोंद ठेवणे, ही त्यातली पायाभूत कामे. ऐकताना ती किरकोळ वाटतात. पण यांतले एक जरी चुकले तर प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक निरुपयोगी ठरते. व्हर्जिनिया लिंच या परिचारिकेने या ज्ञानाला 'न्यायपरिचर्या' म्हणून स्वतंत्र शाखेचे रूप देण्यासाठी झटून काम केले. १९९२ साली मिनियापोलिस येथे परिचारिकांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९९५ साली अमेरिकेतील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने या शाखेस मान्यता दिली. बर्जेसबाई बॉस्टन कॉलेजात हा विषय शिकवीत राहिल्या. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेले आजचे उपविषय याच वाटेने आलेले आहेत.

आपल्याकडे काय घडले? खटल्यात पीडितेच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील कलम २००२ च्या अखेरीस गळाले. २००५ च्या दुरुस्तीने पीडितेची वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीने आणि माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत व्हावी असे ठरले. २०१३ साली प्रत्येक इस्पितळाने, सरकारी असो वा खाजगी, अशा रुग्णावर विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, हे कायद्याने बंधनकारक झाले. त्याच वर्षी दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करते असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि २०१४ साली केंद्रीय आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांनी ती बंद करण्यास सांगितले.

यात आपल्या मातीतला वाटाही आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल तयार केला आणि हा प्रश्न २०१० साली नागपूर खंडपीठापुढे गेला. २०१९ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याची लक्षणे' हा भाग अभ्यासक्रमातून वगळला. देसाईगंज आणि सेवाग्राम दोन्ही विदर्भातले. एका ठिकाणच्या अन्यायाचे मूळ ज्या पाठात होते, तो पाठ खोडण्याची खटपट दुसऱ्या ठिकाणाहून झाली, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

तरीही गोष्ट येथे संपली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही चाचणी करू नका. या वेळी न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. वैद्यकीय महाविद्यालयांचा अभ्यासक्रम तपासून त्यातून ही चाचणी शिकवली जाणार नाही असे पाहा, असा आदेश त्याने दिला. दोष एकट्यादुकट्या डॉक्टरचा नसून पाठाचा आहे, हे न्यायालयाने ओळखले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्याविषयीचा जुना भाग पुन्हा डोके वर काढून आला! टीका झाली आणि थोड्याच दिवसांत, सप्टेंबरात, तो अभ्यासक्रम मागे घेऊन सुधारावा लागला. हेल यांचे मत छापले गेल्याला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डॉक्टर न होणाऱ्याने न्यायवैद्यक शिकावे काय? यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की अर्धवट ज्ञान घातक असते. दूरदर्शनच्या मालिका पाहून ज्याला त्याला गुप्तहेर झाल्यासारखे वाटते. त्यात आणखी पदवीच्या वर्गात चार धडे शिकवले तर उत्साही अडाण्यांची भर पडेल. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु या उपविषयाचा हेतू तज्ज्ञ घडवणे हा नाही. तज्ज्ञ येईपर्यंत काय बिघडू द्यावयाचे नाही, एवढेच त्याला शिकवावयाचे आहे. जखमी मुलीला आधी आंघोळ घालू नका, तिचे कपडे धुऊ नका, "पोलीस केस आहे, आधी ठाण्यावर जाऊन या" म्हणून तिला इस्पितळाच्या दारातून परत पाठवू नका, तिचे म्हणणे आपल्या भाषेत सजवून केसपेपरवर लिहू नका. हे सारे जर शाळामास्तर, अंगणवाडीताई, ग्रामसेवक, वसतिगृहाची अधीक्षिका आणि वॉर्डातली परिचारिका यांना ठाऊक असेल, तर पहिला तास वाया जाणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात न्यायपरिचर्येची ओळख घातली आहे, हे या दृष्टीने योग्यच झाले.

दुसरा आक्षेप असा की कायदे पुरेसे आहेत, ते नीट राबवावेत म्हणजे झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद आहे, आणि ती अंमलात आणण्यास राज्यांना पाच वर्षांची सवड दिली आहे. तरतूद चांगली आहे. परंतु तज्ज्ञ काही आभाळातून पडत नाहीत. ते कोठल्यातरी वर्गात घडावे लागतात. आणि तो तज्ज्ञ घटनास्थळी पोचण्यापूर्वी तेथे शेजारी, नातेवाईक, पाटील आणि शिपाई पोचलेले असतात, हे कोणत्याही कलमाने बदलणारे नाही.

म्हणून आमचे मत असे आहे की हा विषय शिकवावा, आणि त्याच्या पहिल्या तासाला त्याचा इतिहास शिकवावा. डाग कसा जपावा हे विद्यार्थी आठवड्याभरात शिकेल. परंतु चेव्हर्सच्या ग्रंथात ज्ञानाबरोबर राज्यकर्त्यांचा ग्रह कसा शिरला, हेल यांचे मत शास्त्राच्या वेषात देसाईगंजच्या खटल्यापर्यंत कसे पोचले, आणि बॉस्टनमधल्या दोन अध्यापिकांनी केवळ शांतपणे ऐकून त्याला कसा छेद दिला, हे ज्याला ठाऊक नाही तो हातातल्या पुस्तकालाच देव मानील. उद्याच्या अभ्यासक्रमात एखादे जुने खूळ परत आले तर ते ओळखणार कोण? २०२४ साली ते ओळखणारे लोक होते, म्हणून तो पाठ मागे घ्यावा लागला.

आपल्या गावातही महाविद्यालय आहे, ग्रामीण वा जिल्हा रुग्णालय आहे, वकीलसंघ आहे आणि पोलीस ठाणेही आहे. या चारही ठिकाणची जाणती माणसे मनात आणतील तर असा अभ्यासवर्ग मुंबई-पुण्याची वाट न पाहता येथेच सुरू होऊ शकेल. महाविद्यालयाने खोली द्यावी, रुग्णालयातील एखाद्या अनुभवी परिचारिकेने पहिला पाठ द्यावा, आणि वकिलांनी सांगावे की न्यायालयात कोणता कागद टिकतो व कोणता टिकत नाही. सुरुवातीला दहा विद्यार्थी आले तरी पुष्कळ झाले.